ध्यानाला बसले की मन अधिकच धावते. रोजच्या ताणासाठी नेमके काय करावे?

दांडियाबाजारकर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी बडोद्यात दांडियाबाजारात राहते आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गेली एकोणीस वर्षे हिशेबाचे काम पाहते. वय ४७. काम मला नवे नाही आणि ते आवडतेही. परंतु गेल्या दीड वर्षापासून महिन्यातल्या तीन तारखांनी माझी झोप उडवली आहे. सात तारखेला टीडीएसचा, म्हणजे देणी देताना कापून ठेवलेल्या कराचा भरणा, अकराला जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र आणि वीसला ३बी हे जीएसटीच्या भरण्याचे विवरणपत्र. या प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री तीनच्या सुमारास जाग येते, एखादे बिल भलत्याच महिन्यात धरले गेले असेल का, एखाद्या पुरवठादाराचा क्रमांक चुकला असेल का, अशी शंका मनात शिरते आणि उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. घरी सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, मुलगी बारावीला आहे. कोणाशी भांडण नाही, पैशाची तशी ओढाताण नाही. तरीही संध्याकाळी घराचे दार उघडताना लक्षात येते की दातावर दात घट्ट दाबलेले आहेत आणि खांदे वर चढलेले आहेत. मग कोणी साधे ‘उशीर झाला का?’ एवढे विचारले तरी माझ्या तोंडून तिरसट उत्तर जाते. याचे मला फार वाईट वाटते.

चार महिन्यांपूर्वी एका शिबिरात ध्यान शिकले. पहाटे साडेचारला उठून अर्धा तास डोळे मिटून बसायचे आणि मनात विचार येऊ द्यायचे नाहीत, असे तेथे सांगितले होते. मी प्रामाणिकपणे बसते. पण पाचदहा मिनिटांत विचारांची गर्दी दुप्पट होते, छातीत धडधडू लागते आणि उठते तेव्हा बसण्यापूर्वीपेक्षा अधिक थकलेली असते. ज्या दिवशी बसणे होत नाही त्या दिवशी, एवढेही आपल्याला जमत नाही, ही टोचणी संध्याकाळपर्यंत जात नाही. ध्यान माझ्या प्रकृतीला मानवतच नाही, असे समजावे का? आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा घराबाहेर असणाऱ्या बाईने दिवसाच्या धबडग्यात काय करावे? आपण स्वतः जे केले आहे तेच कृपया सांगावे.

जुना आखाडेकर

ताई, मी पस्तीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आणि निवृत्तीनंतर सुरसागरजवळ ज्येष्ठांचा योगवर्ग घेतो. ‘विचार येऊ द्यायचे नाहीत’ ही सूचना नवख्या माणसाला देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डोळे उघडे असले की दिसणारच, तसे मन जागे असले की त्यात विचार येणारच. शिकायचे ते इतकेच की मन भरकटले हे ध्यानात यावे आणि त्याच्यावर न चिडता ते परत आणावे. अर्ध्या तासात ते पन्नास वेळा गेले आणि पन्नास वेळा आपण परत आणले, तर तो अभ्यास वाया गेलेला नसतो. परत आणणे हाच तर अभ्यास आहे.

आपल्या गावाशी जोडलेली एक हकीकत शिबिरांतून नेहमी सांगितली जाते. सुरतेच्या काँग्रेसनंतर, १९०८च्या जानेवारीच्या सुमारास श्री अरविंद बडोद्यात आले असता विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या सांगण्यावरून ते एका खोलीत बसले आणि तीन दिवसांत त्यांचे मन निःशब्द झाले. हकीकत खरी आहे, त्यांनी स्वतःच ती पुढे सांगितली आहे. परंतु त्याआधी काही वर्षे ते प्राणायाम करीत होते, हे सांगायचे राहून जाते, आणि मग नोकरी-घर सांभाळणारी माणसे स्वतःला तीन दिवसांच्या मापाने मोजू लागतात.

मला दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटते. स्वामी कुवलयानंद हे १८८३मध्ये आपल्या डभोईला जन्मले. त्यांनी आधी बडोद्यात माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत शरीर कमावले, त्यानंतर नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योगाचा अभ्यास केला आणि १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून आसन-प्राणायामांचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. आधी शरीर, मग श्वास आणि त्यानंतर मन, हा क्रम मी माझ्या वर्गात याच कारणासाठी पाळतो. आपले दात आवळलेले आणि खांदे चढलेले असताना आपण थेट मनाशी झुंजायला बसता. ते कसे साधावे?

म्हणून तूर्त पहाटेचे बसणे थांबवावे. संध्याकाळी घरी आल्यावर, स्वयंपाकघरात शिरण्यापूर्वी, सतरंजीवर उताणे पडावे. पायाची बोटे पाच अंक मोजेपर्यंत घट्ट आवळावीत आणि एकदम सोडून द्यावीत. मग पिंडऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे आणि शेवटी जबडा. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी स्नायू सैल सोडायला शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिचेच हे सोपे रूप आहे. आवळून सोडल्यावर जो फरक जाणवतो तो महत्त्वाचा, कारण दिवसभर आपण आवळलेले आहोत हेच आपल्याला कळत नसते.

त्यानंतर दहा श्वास. नाकाने चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. एरवी प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, या मोजणीत ते सहावर येतात. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणे लांबवायचे. आपल्याला धडधड होते, तेव्हा श्वास कोंडून मुळीच धरू नये. दहा श्वासांना पावणेदोन मिनिटेही लागत नाहीत; ते स्कूटर लावल्यावर होतात, बँकेच्या रांगेत होतात, संगणक उघडेपर्यंतही होतात.

रावपुऱ्याचा वहीखाते

ताई, मी आपल्याच धंद्यातला, करसल्लागार आहे. वरच्या सूचना उत्तम आहेत. पण आपला ताण मनात जितका आहे तितकाच तारखांच्या मांडणीतही आहे, असे मला वाटते. मीही एकोणीस तारखेच्या रात्री खरेदीची जुळवणी करीत बसत असे. २बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून निघणारी आपल्या खरेदीची जीएसटीतील यादी, चौदा तारखेला तयार मिळते. आता मी पंधरा-सोळालाच खरेदीचे खाते तिच्याशी ताडून पाहतो, न जुळणाऱ्या बिलांची यादी त्याच दिवशी पुरवठादारांना पाठवतो आणि स्वतःसाठी पाच, नऊ आणि अठरा या तारखा अखेरच्या मानतो. बिले भांडारातून उशिरा येत असतील, तर ती कोणत्या तारखेपर्यंत हिशेबाकडे यायला हवीत, हे वरिष्ठांकडून लेखी ठरवून घ्यावे. दुसऱ्याच्या दिरंगाईची काळजी आपण आपल्या झोपेतून भरून काढू नये.

दुसरे म्हणजे वही. साधी दोनशे पानी. कार्यालयातून निघण्यापूर्वी दहा मिनिटे पानावर उभी रेघ मारून डावीकडे शंका लिहावी आणि उजवीकडे ती उद्या कुठे, कशी तपासायची ते. उदाहरणार्थ, डावीकडे ‘वाहतुकीच्या बिलावर टीडीएस कापला का?’ आणि उजवीकडे ‘सकाळी दहा, खातेवही, पान अमुक’. तपासण्याची जागा ठरली की शंका रात्री हाक मारीत नाही, निदान पूर्वीइतक्या मोठ्याने मारीत नाही. तरीही तीन वाजता जाग आलीच, तर घड्याळ पाहू नये. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत न पडता दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसावे आणि डोळे जड झाले की परत यावे.

चहाविषयीही सांगतो. त्यातले कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. साडेपाचचा कडक चहा रात्री साडेदहालाही अर्धा अंगात असतो. मी चारनंतर चहा सोडला. पहिला आठवडा डोके दुखले, नंतर नाही.

पहाटपाखरू

पहाट सोडण्याचा सल्ला मला पटत नाही. मी इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले. तेथे चार वाजता घंटा होते आणि पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा असतो. तिसऱ्या दिवसापर्यंत मलाही असेच वाटले की हे आपल्याला जमणार नाही. बसत राहिल्यानेच मन स्थिरावले. ताईंनी धीर सोडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

अलकापुरीतील समुपदेशक

पहाटपाखरू यांचा अनुभव मी मनापासून मानते. मात्र त्या शिबिरात चारला उठणारा माणूस रात्री साडेनऊला झोपायला जातो, दहा दिवस त्याला स्वयंपाक नसतो, फोन नसतो आणि कोणतीही अखेरची तारीख नसते. साडेअकराला पाठ टेकणाऱ्या बाईने साडेचारला उठणे म्हणजे पाच तासांची झोप. प्रौढांना किमान सात तास हवेत. ध्यानासाठी झोप कापली, तर दुसऱ्या दिवशी चिडचिड वाढते आणि आपण तिचा दोष ध्यानाला किंवा स्वतःला देतो.

ताई, डोळे मिटून लक्ष आत वळवले की काही जणांची बेचैनी वाढते, आणि हे अपयश नाही. अशांनी डोळे अर्धवट उघडे ठेवून, जमिनीवर टेकलेले तळपाय, पंख्याचा आवाज, बाहेरची रहदारी यांकडे पाच मिनिटे लक्ष द्यावे, आणि धडधड सुरू झाली तर निःसंकोच उठून चार पावले चालावे. दोन-चार दिवसांत गुण येत नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्यासाठी जो सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, तोही आठ आठवड्यांचा असतो.

एक गोष्ट मात्र आपण सर्वांनी आधी विचारायला हवी होती. या वयात मध्यरात्रीची जाग, धडधड, थकवा आणि चिडचिड यांचे कारण थायरॉइड, कमी झालेले हिमोग्लोबिन, रक्तदाब किंवा पाळी थांबण्याआधीचे बदल हेही असू शकते. प्रथम या तपासण्या कराव्यात, श्वास मोजणे नंतरही होईल. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली किंवा जगणे नकोसे वाटले, तर सवयींच्या भरवशावर न राहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही.

दांडियाबाजारकर, पाच आठवड्यांनंतर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, म्हणून काय झाले ते कळवणे मला आवश्यक वाटते. तपासणीत थायरॉइड ठीक निघाले, हिमोग्लोबिन मात्र ९.४ आले आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. म्हणजे जी थकावट मी मनाच्या खात्यावर टाकीत होते, तिचा काही भाग त्या खात्याचा नव्हताच.

साडेचारचा गजर बंद केला आहे. संध्याकाळी वाहनतळात स्कूटर लावल्यावर हेल्मेट मांडीवर ठेवून मी दहा श्वास मोजते. पहिल्या आठवड्यात कोणी पाहील याचा संकोच वाटत असे, आता वाटत नाही. जिना चढताना दात उघडे ठेवते. अगदी खरे सांगायचे तर वर नमूद केलेल्या सगळ्यांत या एका गोष्टीने घरातली बोलणी सर्वांत अधिक बदलली, कारण दात आवळलेले नसले की आवाजच तसा चढत नाही. सतरंजीवर पडणे आठवड्यातून तीनचार दिवस होते.

वहीची अठरा पाने भरली. डावीकडच्या शंकांवर परवा बोट फिरवून पाहिले, तर चौतीसपैकी खरी चूक दोनच ठिकाणी होती, आणि दोन्ही भरणा करण्यापूर्वी सापडल्या. भांडाराची तारीख लेखी ठरवून मागितली. वरिष्ठांनी ‘पाहू’ म्हटले आहे, अजून ठरलेली नाही. अकराच्या आदल्या रात्री जाग आली नाही. एकोणीसला आली, पण मी घड्याळ पाहिले नाही, बाहेरच्या खोलीत झोपाळ्यावर जाऊन बसले. सासूबाई जाग्याच होत्या. त्यांनी काही विचारले नाही, नुसत्या शेजारी येऊन बसल्या, आणि झोका पुढे जाताना चार, मागे येताना सहा असे मोजण्याचा मी प्रयत्न केला तेव्हा लक्षात आले की झोका पुढेमागे सारखाच जातो, त्याला असे मोजता येत नाही. मग मी मोजणे सोडून दिले. किती वेळाने ते सांगता येणार नाही, पण माझा डोळा तेथेच लागला होता.

आखाडेकर काका, एक विचारायचे राहिले. बसून पाच मिनिटे झाली की उजवा पाय बधिर होतो. खुर्चीवर बसून केले तर चालेल का?

जुना आखाडेकर

अवश्य चालेल. पाठ खुर्चीला न रेलता सरळ ठेवावी आणि तळपाय जमिनीला पुरते टेकतील एवढीच उंची असावी. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्यावा.