जिनिव्हा कटलरीचा जुना वस्तरा: साणेवर लावूनही केस ओढतोय

अभ्या_रॉचेस्टर
वस्तऱ्याच्या मानेवर (पातं आणि मुठीच्या खिळ्यामधल्या भागावर) ठसा: 'जिनिव्हा कटलरी कं., जिनिव्हा, न्यू यॉर्क'. पातं ५/८ इंची, बरंच पोकळ घासलेलं (दोन्ही बाजू आत खोलगट); मूठ पिवळट सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्लास्टिकची. विकणाऱ्याने 'धार तयार आहे' सांगून दिला, पण कानशिलाजवळच्या मऊ केसांतही अडकतो. १००० ग्रिटच्या साणेवर (आकडा मोठा तितकी साण बारीक) २५ हात, मग ८००० वर, मग चामडी पट्ट्यावर ५० फेऱ्या, असं करून झालं. फरक शून्य. चुकतंय कुठे? मुठीच्या आत राहतो तेवढ्याच भागावर गंज का? ऑगस्टमध्ये हा रत्नागिरीला न्यायचाय. आणि हा अमेरिकनच ना, की स्विस?

साणवाला
पट्ट्याचा दोष नाही. बेव्हल बसलेलं नाही, म्हणजे दोन्ही बाजूंचे उतार धारेवर एकमेकांना भेटलेलेच नाहीत. न भेटलेली धार पट्ट्यावर दिवसभर परजली तरी तशीच राहते. तपासायला धार वर करून दिव्याखाली थेट वरून बघ. बसलेली धार दिसत नाही. पांढरी बारीक रेघ किंवा ठिपके चमकले, तर तिथे ती अजून बोथट आहे.

मग बेव्हलवर दोन्ही बाजूंनी मार्करची शाई लाव आणि १००० वर चारच हात मार, पाठ (धारेसमोरची जाड कड) आणि धार दोन्ही साणेला टेकवून. शाई पार कडेपर्यंत निघायला हवी. कडेला बारीक काळी किनार राहिली तर साण धारेपर्यंत पोचतच नाहीये. 'किती हात' हा प्रश्नच चुकीचा आहे, २५ लागतील नाहीतर २००. हातावरचे केस कातडीलगत, टाचेपासून (धारेचा मुठीकडचा शेवट) टोकापर्यंत सगळीकडे न ओढता कापले जाईपर्यंत १००० सोडू नकोस.

पाठीला आधीच्या मालकांनी घासून सपाट पट्टे पाडले असतील तर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी एक थर लाव. १६ मिमी पातं आणि साडेचार मिमी पाठ धरली तर कोन १६ अंशांच्या आसपास येतो, एका थराने साधारण एक अंश वाढतो. पट्टी लावलीस तर शेवटच्या साणेपर्यंत ठेव, झिजली की बदल. मध्येच काढली तर धार पुन्हा साणेपासून उचलली जाते.

१००० वरून थेट ८००० वर उडी नको, जाड ओरखडे धारेत तसेच राहतात. मध्ये ३००० ते ५००० मधली एखादी घे. ८००० पासून पुढे वस्तऱ्याच्या वजनाइतकाच दाब.

आणि पॉलिशचं चाक लावू नका, कुणीच. धारेजवळचं पातं कागदाइतकं पातळ असतं, क्षणात तापतं. निळा-तपकिरी रंग चढला की पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं, तिथे धार टिकत नाही.

पावसाळी
गंजाचं उत्तर मुठीत आहे. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की नायट्रोजन ऑक्साइडचे वायू सोडतं, दमट हवेत त्यांचं आम्ल होतं. म्हणून गंज मुठीच्या आकारात उमटतो. मूठ अंगठ्याने जोरात चोळून वास घे. कापराचा आला तर घाबरू नकोस, सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. नाक झोंबवणारा आंबूस वास, बारीक जाळीदार तडे, चिकटपणा किंवा रिव्हेटभोवती हिरवट थर दिसला तर ती मूठ गेली. तिला इलाज नाही. रिव्हेट काढून पातं वेगळं कर, मूठ फेकून दे. शेजारच्या डब्यातल्या वस्तऱ्यांनाही तिची बाधा होते. सेल्युलॉइड भडकन पेटतं, त्यामुळे मशीनने घासू नकोस. लेबल काढायला ॲसिटोनही नको, मूठच विरघळेल. नव्या मुठीला लाकूड किंवा शिंग, आणि १/१६ इंची पितळी तार.

रत्नागिरीत ऑगस्टमध्ये पातं एका रात्रीत डाग धरतं. दाढी झाली की पुसून मुठीच्या फटीतून टिश्यूची पट्टी फिरव, मग लिक्विड पॅराफिन किंवा शिलाई मशीनच्या तेलाचा हात. खोबरेल नको, कालांतराने चिकट थर धरतं. आणि सेल्युलॉइडची मूठ असेल तोवर हवाबंद डब्यात ठेवू नकोस, वायू आतच कोंडतात. विमानात चेक-इन बॅगेत टाक, केबिनमध्ये चालणार नाही.

ठसेतज्ज्ञ
अमेरिकनच. हे जिनिव्हा न्यू यॉर्क राज्यातलं, सेनेका तलावाकाठचं. 'जेन्को' हा छाप याच कंपनीचा. १८९० च्या अमेरिकेच्या मॅकिन्ली आयातशुल्क कायद्यामुळे मार्च १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. म्हणून ठशात अमेरिकन शहर असलं तरी मानेची दुसरी बाजूही बघावी. तिथे 'जर्मनी' असेल तर पातं बहुधा झोलिंगेन या जर्मन पात्यांच्या गावचं आणि शहर नुसतं विक्रेत्याचं.

अभ्या_रॉचेस्टर
वास कापराचाच आहे. शाई मात्र विचित्र निघाली: एका बाजूला टाचेकडे तशीच राहिली, दुसऱ्या बाजूला टोकाकडे.

साणवाला
पातं किंचित पिळलेलं आहे, जुन्यात नवल नाही. पण आधी साण सपाट आहे का ते बघ. तिच्यावर पेन्सिलीच्या चौकटी काढ आणि काचेवर चिकटवलेल्या ३०० च्या वॉटरपेपरवर घास, रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या पाहिजेत. साण ठीक निघाली तर पूर्ण पातं एकदम टेकवायचा हट्ट सोड. पहिल्या बाजूला टाचेकडचा अर्धा भागच साणेवर ठेवून बाकीचा काठाबाहेर लोंबू दे, उलटल्यावर टोकाकडचा. बोटाने दाबलंस तर पातं वाकून धार अधिकच वेडीवाकडी होईल. आठ-दहा हातांनी पुन्हा शाई लावून बघत राहा.