जुन्या नाट्यगृहात म्युझिकल: काय अडतं, कसं सोडवावं (अनुभव धागा)

इमारत शंभरेक वर्षांची, शहराच्या ऐन मध्यात. प्रयोग मात्र आजचा. किस्से नकोत, मापं लिहा.

ध्वनी
बाल्कनीखालच्या मागच्या रांगांना गाण्याचे शब्द कळत नाहीत, कारण मुख्य स्पीकरचा आवाज बाल्कनीच्या कडेलाच अडतो. तिथे छताला छोटे स्पीकर लावा, पण विलंब देऊन. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २० मीटरला ५८ मिलिसेकंद. त्यात आणखी १०-१५ घाला, की गाणं रंगमंचावरूनच येतंय असं वाटतं. विलंब दिलाच नाही तर नायक प्रेक्षकांच्या डोक्यावरून गातो!

माईक कपाळावर, केसांच्या रेषेत. घाम तारेवरून ओघळत माईकमध्ये शिरला की आवाज बसतो. माईकच्या थोडं अलीकडे तारेला चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, घाम तिथेच वळतो. युगुलगीतात चेहरे जवळ आले की दोघांपैकी एकच माईक उघडा ठेवा. दोन्ही उघडे राहिले तर एकच आवाज किंचित मागेपुढे दोनदा पोचतो आणि पोकळ होतो.

वरचं काम
नेपथ्य टांगायचा पाइप आणि त्याला तोलणारा वजनांचा पाळणा एकाच दोरांच्या दोन टोकांना असतात, म्हणून पाइप खाली असताना पाळणा वर असतो. चढवताना आधी नेपथ्य बांधा, मग वजनं भरा. उतरवताना आधी वजनं काढा, मग नेपथ्य सोडा. क्रम चुकला तर पाळणा खाली कोसळतो आणि पाइप सुसाट वर जातो. दोर हाताने धरून तो थांबत नाही. बाजूच्या भिंतीला जागा कमी असेल तिथे पाळणा पाइपच्या निम्म्याच अंतरात फिरतो. अशा ठिकाणी वजन दुप्पट लागतं: २०० किलोच्या नेपथ्याला ४००.

नेपथ्य
जुना मंच बहुधा उतरता. १:२४ उतार किरकोळ वाटतो, पण मागून पुढे ६ मीटरमध्ये मंच २५ सेंटिमीटर खाली येतो. चाकांच्या लेव्हलला (नेपथ्याच्या चौथऱ्याला) ब्रेक पुरत नाही, पाचरही हवी.

वाद्यवृंद
पिट (मंचापुढचा वादकांचा खड्डा) लहान, म्हणून ड्रम वेगळ्या खोलीत जातात आणि वादक संचालकाला पडद्यावर पाहतात. टीव्ही १०० मिलिसेकंद उशिरा दाखवत असेल तर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत तो मात्रेचा पाचवा भाग झाला. ताल मागे ओढला जातो आणि दोष ड्रमवाल्याला मिळतो. टीव्हीचा गेम मोड (चित्राचा उशीर कमी करणारी सेटिंग) चालू करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

ड्रमवाल्यांच्या बाजूने
सहमत. कॅमेऱ्यापासून टीव्हीपर्यंत मध्ये जेवढी डिजिटल यंत्रं, तेवढा उशीर वाढतो.

अग्निपडदा
शिकागोच्या इरॉक्वॉय थिएटरला ३० डिसेंबर १९०३ रोजी म्युझिकल चालू असतानाच आग लागली. अग्निपडदा (आग प्रेक्षागृहात जाऊ नये म्हणून मंचापुढे पडणारा पडदा) अर्ध्यावर अडकला, बाहेरची दारं पटकन उघडेनात. सहाशेहून जास्त माणसं गेली. म्हणून तो पडदा प्रत्येक प्रयोगाआधी पूर्ण खाली टेकवून बघा. त्याच्या रेषेवर केबल, लेव्हल, मॉनिटर काहीही नको. नेपथ्य पिटवर पुढे काढायचा मोह झाला, तर आधी ही रेषा खडूने आखा.