अचानक बोट विकली गेली, आता मोठी घ्यायची आहे : आउटबोर्ड की डिझेल इनबोर्ड? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बोरिवलीत राहतो. बोट मार्व्याला खाडीत असायची. 'असायची' म्हणतोय, कारण नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी ती विकली गेली. विकायचा विषय घरात कधी निघालासुद्धा नव्हता. आता मोठी घ्यायची आहे. दोन बोटी बघून ठेवल्यात, एकीचं इंजिन मागे बाहेरून लावलेलं (आउटबोर्ड), दुसरीचं बोटीच्या आत (इनबोर्ड), आणि पंधरा दिवस झाले तरी मनाचा निर्णय होत नाहीये. दर्यावर वावरलेल्या माणसांचं मत हवंय. थोडं सविस्तर लिहितो, नाहीतर नेमकी अडचण कुठे आहे ते कळणार नाही.

जुनी बोट १६ फुटी, फायबरची. बाबांनी २००९ मध्ये घेतलेली. मागे यामाहाचं ४० एचपी टू-स्ट्रोक. पावसाळ्यात आम्ही ती वर ओढून ताडपत्रीखाली शाकारून ठेवायचो. त्या रविवारी ताडपत्री काढली, तळ धुतला आणि इंजिनाचा पाय गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ते चालू करून बघत होतो. रेवदंड्याकडचे एक गृहस्थ तिथे दुसऱ्याच कोणाची बोट बघायला आले होते. तो व्यवहार फिसकटला होता आणि त्यांची स्वतःची बोट पावसात फुटलेली. बराच वेळ ते नुसते उभे होते. मग म्हणाले, "एकदा मी ओढून बघू?"

स्टार्टरच्या दोरीची मूठ बाबांनी जाळ्याच्या निळ्या नायलॉन दोऱ्याने घट्ट गुंडाळली होती, ओला हात सटकू नये म्हणून. सोळा वर्षांत तो दोरा विटून राखाडी झालाय, पण एक वेढा ढिला नाही. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. त्यांनी मुठीवरून अंगठा फिरवला आणि सरळ विचारलं, "देणार का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी आकडा सांगितला. मी कधी विकायला काढली असती तर मागितली असती त्याहून पन्नास हजारांनी जास्त. तरीही मी विचार करून सांगतो म्हणून घरी आलो. रात्री जेवताना सहज सांगितलं, तर आई म्हणाली, "दे. त्यांना तिची गरज आहे. आणि मला तशीही त्यात चढता येत नाही."

ते वाक्य मला लागलं. आईचं माहेर अर्नाळ्याचं. गेली दोन वर्षं ती म्हणतेय, एकदा समुद्राच्या वाटेने अर्नाळ्याला घेऊन चल, किल्ला पाण्यातून बघायचाय. मे महिन्यात निघालोही होतो. ओहोटी लागलेली, बोट धक्क्यापासून खाली गेलेली, आईचे गुडघे तसले. मी एका बाजूने धरलं, बायकोने दुसऱ्या. पाय काठावर ठेवताच बोट कलली आणि आई चिखलात बसली. लागलं काही नाही, पण त्या दिवसानंतर तिने अर्नाळ्याचं नाव काढलं नाही. मंगळवारी मी रेवदंड्याला फोन केला.

बोट नेताना त्यांनी विचारलं, मुठीचा दोरा काढून ठेवायचाय का. मी म्हटलं, राहू द्या.

आता नव्या बोटीचं. कोरी बोट आवाक्यात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी बोटींवर जीएसटी ४० टक्के झालाय, त्यामुळे वापरलेलीच बघतोय.

पहिली करंजाला आहे. २३ फुटी, उघडी, वर कॅनव्हासचं छत, २०१७ ची. एकच ११५ एचपी फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, ६४० तास चाललेलं. साडेतेरा लाख म्हणतात. धावायला छान आहे, मी स्वतः चालवून बघितली.

दुसरी वर्सोव्याला. २८ फुटी, पुढे अर्धी केबिन, आत डिझेल इंजिन, शाफ्ट आणि पंखा तळाखाली. अकरा लाख. सावकाश चालते, ८-९ नॉट, पण आत बसलं की घरातल्या ओट्यावर बसल्यासारखं वाटतं. आईसाठी माझं मन हिच्याकडे ओढ घेतंय.

अडचण पाण्याची आहे. आमची मुरिंगची, म्हणजे बोट बांधून ठेवायची जागा उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या) मोठ्या ओहोटीला जवळजवळ कोरडी पडते. १६ फुटी चिखलात बसली तर आम्ही दोघं ढकलून काढायचो. आउटबोर्ड वर उचलता येतं, पण इनबोर्डचा पंखा आणि सुकाणू कुठे उचलणार? उलट, मार्व्याहून अर्नाळा म्हणजे गोराई, उत्तन, वसईच्या खाडीचं तोंड असं सगळं उघड्या समुद्रातून जायचं. सकाळी मतलई (जमिनीवरून येणारा) वारा असेपर्यंत पाणी ताटासारखं असतं. दुपारी खारा (समुद्रावरून येणारा) वारा धरला आणि त्याच वेळी खाडीतून ओहोटीचं पाणी बाहेर पडत असलं, की तोंडाशी लाटा उभ्या राहतात. एकदा परतताना आमच्या बोटीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून पाणी आत आलंय. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तेव्हापासून मला लांब आणि जड बोट हवीशी वाटते.

तर : अशा जागेत २८ फुटी इनबोर्ड ठेवणं शक्य आहे का? नसेल तर २३ फुटीत आईला सुखरूप नेता येईल का? आणि वापरलेली बोट घेताना नेमकं काय तपासायचं? अजून एक. जुन्या बोटीचे पैसे मिळाले, पण नोंदणी अजून माझ्याच नावावर आहे. घेणारे म्हणतात, दिवाळीनंतर करू. चालेल का?

खाडीकाठ :
दादा, नावाचं काम दिवाळीपर्यंत ठेवू नका, हे आधी सांगतो. २००८ साली हल्लेखोर समुद्रातून, पळवलेल्या मच्छीमार बोटीने आले, तेव्हापासून किनाऱ्यावर बोट कोणाच्या नावावर आहे याला फार महत्त्व आलंय. ती बोट उद्या कुठेही अडकली तरी विचारणा तुमच्याकडे होणार. ताबा दिल्याची तारीख, वेळ, बोटीचा आणि इंजिनाचा नंबर लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याची प्रत मेरीटाईम बोर्डात आणि जवळच्या सागरी पोलीस चौकीत द्या, पोच घ्या. विमाही त्याच दिवसापासून आपल्या नावाने बंद करायला सांगा.

जागेबद्दल : अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांनी ओहोटीला तिथे स्वतः उभे राहा. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या वर जातो. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत बघाल तर जागा फसवेल. बांबू घेऊन जा आणि चिखल किती खोल, खाली दगड आहे का ते टोचून बघा. मऊ चिखल असेल तर आउटबोर्डवाली निवांत बसते. शाफ्टवाली बसली की सगळा भार कण्यावर (तळाच्या मधल्या तुळईवर) येतो, बोट एका कुशीवर कलते आणि पाणी परत येताना इंजिन गार ठेवायला पाणी घेतात त्या तोंडातून चिखल आत ओढला जातो. माझ्या काकांच्या लाँचचा पंप असाच गेला. खोल पाण्यात मुरिंग मिळत असेल तरच २८ फुटीचा विचार करा.

लाँचवाली :
आम्ही १८ फुटीवरून २७ फुटीवर गेलो. मनापासून सांगते, मोठी घेतल्यावर आमचं बाहेर जाणं कमी झालं. लहान बोट यांनी एकट्याने सोडली, एकट्याने बांधली. मोठीला धक्क्याला लावताना एक माणूस सुकाणूवर आणि एक दोरीला लागतोच. वाऱ्यात तर तिसरा. तुमच्याबरोबर नेमाने कोण येणार, हे आत्ताच ठरवा.

आणि आईंचं. लांबीपेक्षा चढायला काय आहे ते बघा. काठाची उंची, आत पाय ठेवायला पायरी, धरायला स्टीलचा दांडा. हे तीन असले तर २३ फुटीतही त्या बसतील, नसले तर २८ फुटीतही बसणार नाहीत. माझ्या सासूबाईंसाठी आम्ही फक्त भरतीच्या आधी तासभर ते नंतर तासभर एवढ्याच वेळात चढ-उतार ठेवतो, तेव्हा बोट आणि धक्का जवळपास एका पातळीला असतात. अर्नाळ्याला उतरायचं असेल तर तिथलंही पाणी त्याच वेळी हवं, नाहीतर किल्ला बोटीतून बघून परत या. लाइफ जॅकेट त्यांच्या मापाचं घ्या आणि घरी दोनदा घालून बघायला लावा. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या वाटेवर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून माणसं गेली, तेव्हापासून मी कोणालाही जॅकेटशिवाय बसू देत नाही.

पानापकड :
इंजिनाचं मी सांगतो, हेच काम करतो.

करंजाची बघायला जाल तेव्हा इंजिन गार असताना चालू करा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल करा आणि थेंब बोटावर घ्या. चहात दूध घातल्यासारखा पांढुरका रंग दिसला तर सील गेलंय, पाणी आत जातंय. कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरचं मोजा, आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असायला हवेत. मागून पाण्याची पिचकारी सरळ आणि जोरात पडते का बघा. तासांच्या आकड्यापेक्षा दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतलं की नाही हे महत्त्वाचं, आणि ते गंज लागू नये म्हणून इंजिनाला लावलेल्या झिंकच्या तुकड्यांवरून आणि थर्मोस्टॅटच्या झाकणाभोवतीच्या पांढऱ्या मिठावरून कळतं.

मग इंजिन वर उचला, खालून धरून वर-खाली हलवा आणि कोणालातरी ट्रान्समकडे (इंजिन ज्यावर बसतं त्या बोटीच्या मागच्या भिंतीकडे) बघायला सांगा. ट्रान्सम वाकताना दिसला तर आतलं प्लायवूड कुजलंय, ती बोट सोडून द्या. तळावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. सगळीकडे एकसारखा खणखणीत आवाज यायला हवा. मध्येच बद्द वाजलं तर तिथे थर सुटलेत.

पेट्रोलचं मात्र गंभीर आहे. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं आणि बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तकात १० टक्के इथेनॉलपर्यंतचीच परवानगी असते. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर टाकी अर्धी भरलेली राहिली तर पाणी तळाशी वेगळं होतं आणि हंगामाच्या पहिल्याच दिवशी इंजिन मध्येच बंद पडतं. १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि शाकारण्याआधी टाकी रिकामी करा. डिझेलला हा त्रास नाही, आणि डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, हेही त्या दुसऱ्या बोटीच्या बाजूने आहे. खर्च बघायचा तर ११५ फोर-स्ट्रोक बेताने चालवलं तरी ताशी वीसेक लिटर धरा, पूर्ण उघडलं तर चाळीसच्या आसपास.

एकच इंजिन घेऊन उत्तनच्या पुढे जाणार असाल तर मागे ८-१० एचपीचं छोटं इंजिन जोडीला ठेवा. नांगर आणि पुरेशी लांब दोरीही. बंद पडल्यावर बोट जागच्या जागी धरून ठेवता आली तर निम्मं काम झालं.

धागाकर्ता :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री एकापाठोपाठ एक सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले.

खाडीकाठ, कागद लगेच केला. रेवदंड्याला फोन करून सांगितलं की नावाचं काम थांबायला नको. ते भले गृहस्थ आहेत, येत्या आठवड्यातच येतो म्हणाले. त्यांनी बोट पाण्यात सोडली, पहिल्याच दिवशी दोन टोपल्या बांगडा मिळाला. ऐकून बरं वाटलं.

काल पहाटे ओहोटीला बांबू घेऊन मुरिंगवर गेलो. गुडघाभर चिखल आणि खाली सलग कातळ. सोळा वर्षं आमची हलकी बोट त्यावर वर-वर बसत होती, म्हणून कधी कळलंच नाही. म्हणजे वर्सोव्याची २८ फुटी माझ्या जागेसाठी नाही. तिच्यासाठी खोल पाण्यातली जागा शोधून पाहिली, जवळपास एकही मोकळी नाही. ती केबिन माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये, पण कातळावर कणा टेकवून बोट मारायची नाही.

करंजाच्या २३ फुटीला दांडा नाही आणि पायरीही नाही. लाँचवाली ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी ते बघितलंच नसतं. मालकाला विचारलं, तो म्हणाला दांडा वेल्ड करून देतो, पण फायबरला बोल्टने जोडताना मागून लाकडी फळी लावायची की स्टीलची पट्टी, हे त्याला सांगता आलं नाही. पानापकड, याचं उत्तर तेवढं द्या. आईचं वजन ६८ किलो आहे, आणि ती पूर्ण भार टाकूनच चढणार.

शनिवारी सकाळी करंजाला जातोय, गार इंजिन बघायला. आई बरोबर येतेय. भरती साडेअकराची आहे, त्याच वेळी तिला चढवून बघणार.