शब्दचर्चा: ‘फ्लाइंग कार’ला मराठीत काय म्हणायचं?

नववी-दहावीच्या मुलांच्या एका विज्ञान मासिकासाठी उडणाऱ्या वाहनांवर लेखमाला लिहिते आहे आणि पहिल्याच लेखात शब्दापाशी अडले आहे. वर्तमानपत्रांत ‘उडती कार’, ‘उडणारी कार’, ‘हवाई कार’, ‘फ्लाइंग कार’ असं सगळंच छापून येतं. खालची छायाचित्रं मात्र अगदी वेगळ्या यंत्रांची असतात. एका बातमीत पंख मिटून रस्त्याला लागलेली मोटार, तर दुसरीत सोळा पंख्यांचं चिनी यंत्र, ज्याला चाकंच नाहीत, खाली नुसत्या घसरपट्ट्या. दोन्ही बातम्यांचा मथळा ‘उडती कार आली!’. मुलं विचारणार, चाकं नाहीत तर ती कार कशी? मला त्यांना खरं उत्तर द्यायचं आहे. एकच शब्द ठेवावा की दोन? आणि ‘उडती’ बरोबर की ‘उडणारी’? ‘वर्टिपोर्ट’साठीही, म्हणजे सरळ वर उठणाऱ्या अशा यंत्रांच्या चढण्या-उतरण्याच्या जागेसाठीही, काही सुचत असेल तर सांगा.

प्रतिसाद

दोन शब्द हवेतच. या यंत्रांची घराणी दोन आहेत आणि त्यांच्या अडचणीही वेगळ्या आहेत.

पहिलं घराणं जुनं, हवेत उडून रस्त्यावरही धावणाऱ्या मोटारींचं. ग्लेन कर्टिस यांनी १९१७ साली न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात ‘ऑटोप्लेन’ मांडलं होतं, पण ते जमिनीवरून जेमतेम उसळ्या मारण्यापलीकडे गेलं नाही. तेव्हापासून या घराण्यातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न छळत आला आहे: रस्त्यावर उतरल्यावर पंखांचं काय करायचं? रॉबर्ट फुल्टन यांचं ‘एअरफिबियन’ १९४६ साली उडालं आणि १९५० मध्ये त्याला अमेरिकन सरकारचं प्रमाणपत्र मिळालं. त्यांचं उत्तर साधं होतं. विमानतळावर उतरायचं, पंख आणि शेपूट सोडवून तिथेच ठेवायचं, नाकावरचा पंखा हातानं काढून गाडीच्या कुशीला टांगायचा आणि शहराकडे निघायचं. म्हणजे परतीचं उड्डाण त्याच विमानतळावरून. मोल्टन टेलर यांच्या ‘एअरोकार’नं (पहिलं उड्डाण १९४९, प्रमाणपत्र १९५६) पंख दुमडून स्वतःच्या मागे ट्रेलरसारखे ओढत नेले. ‘कन्व्हेअरकार’मध्ये पंख आणि इंजिन असा अख्खा सांगाडा मोटारीच्या टपावर बसवायचा होता. १९४७ साली चाचणीच्या उड्डाणात इंधन संपलं, गाडी कोसळली आणि तो प्रकल्प तिथेच खचला. १९७३ मध्ये फोर्ड पिंटो मोटारीला सेसना विमानाचे पंख आणि शेपूट जोडून केलेलं ‘मायझार’ हवेतच मोडलं. त्यात ते बनवणारे हेन्री स्मोलिन्स्की आणि त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ब्लेक दोघेही गेले. या माणसांनी जीव लावून, काहींनी जीव देऊन हे केलं आहे. मुलांच्या लेखात त्यांची नावं यावीत असं मला फार वाटतं.

पंखांच्या प्रश्नाचं आजवरचं सगळ्यात देखणं उत्तर स्लोव्हाकियाच्या श्टेफान क्लाइन यांचं. २८ जून २०२१ रोजी त्यांची ‘एअरकार’ नित्राहून उडाली आणि ३५ मिनिटांत ब्रातिस्लाव्हाला उतरली. बटण दाबल्यावर पंख अंगालगत दुमडले, शेपूट आत सरकली आणि तीन मिनिटांच्या आत तिची मोटार झाली. क्लाइन ती चालवत शहराच्या मध्यात गेले. आत १.६ लिटरचं बीएमडब्ल्यूचं इंजिन, पेट्रोलवर चालणारं. ७० तासांची चाचणी उड्डाणं आणि २०० हून जास्त वेळा चढणं-उतरणं झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तिला उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र मिळालं. पण तिला धावपट्टी लागते, चालवायला वैमानिकाचा परवाना लागतो. वाहतूक कोंडीत अडकलात आणि तिथूनच वर उठलात, असं तिच्यानं होत नाही. मथळे वाचून लोकांची समजूत मात्र नेमकी तीच होते.

दुसरं घराणं विजेवर सरळ वर उठणाऱ्या यंत्रांचं. तुम्ही म्हणता ते सोळा पंख्यांचं यंत्र ईहँग कंपनीचं ईएच२१६-एस असणार. दोन प्रवासी, वैमानिक नाही. चीनच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनानं ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या आराखड्याला मान्यता दिली. अमेरिकेतल्या जोबी, आर्चर या कंपन्याही याच मार्गानं चालल्या आहेत. यांतलं काहीही रस्त्यावर धावत नाही आणि धावायचा त्यांचा विचारही नाही. ही प्रवाशाला एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी सोडणारी भाड्याची वाहनं आहेत. यांना ‘हवाई टॅक्सी’ म्हणावं आणि ‘उडती मोटार’ हे नाव पहिल्या घराण्यासाठी राखावं.

प्रतिसाद

‘उडती’ की ‘उडणारी’ याबद्दल. व्याकरणानं दोन्ही शुद्ध आहेत, पण जातीचं नाव म्हणून मराठी कान ‘-ता, -ती, -तं’कडेच वळतो. उडती तबकडी, उडता गालिचा, फिरता दवाखाना, फिरतं वाचनालय. आपल्या सह्याद्रीतल्या सापाचं नाव ‘उडता सोनसर्प’ आहे. तो झाडावरून अंग चपटं करून तरंगत खाली येतो, पक्ष्यासारखा उडत नाही, तरी नाव पक्कं बसलं. ‘उडणारी तबकडी’ कुणी म्हणत नाही. ‘-णारा’मध्ये क्षमता येते आणि पुष्कळदा भविष्यही येतं: उद्या येणारी गाडी, पुढच्या वर्षी निघणारं पुस्तक. त्यामुळे ‘उडणारी कार’ वाक्यात चालेल, पण वर्गाचं नाव ‘उडती मोटार’ किंवा ‘उडती गाडी’च असावं. मला ‘गाडी’ जास्त आवडते. बैलगाडी, घोडागाडी, आगगाडी, मोटारगाडी, सगळ्यांना तिनं सामावून घेतलं आहे. वाहन बदललं की आपण पुढचा शब्द बदलत आलो.

क्रियापदाला मात्र जपा. ‘उडती गाडी उडवणे’ असं चुकूनही लिहू नका. ‘ट्रकने दुचाकीस्वाराला उडवले’ हे आपण रोज वाचतो. गाडी आणि उडवणे हे शब्द जवळ आले की मराठी वाचकाला अपघातच दिसतो. ‘चालवणे’ ठेवा. विमानही आपण चालवतोच.

प्रतिसाद

‘हवाई टॅक्सी’ला माझा पाठिंबा, पण कारण थोडं वेगळं. २०१९ साली मुंबई, पुणे आणि शिर्डी यांच्यात ठरावीक तिकिटाची हेलिकॉप्टर सेवा सुरू झाली होती. तिला कुणी उडती गाडी म्हटलं नाही, कारण लोकांना हेलिकॉप्टर माहीत होतं. विजेवरची ही यंत्रं तेच काम करणार: ठरलेल्या तळावरून ठरलेल्या तळापर्यंत. मग केवळ दिसायला नवी म्हणून त्यांना मोटारीचं नाव का द्यायचं?

‘हवागाडी’ही कुणी सुचवेल म्हणून सांगतो: हिंदीत पूर्वी साध्या मोटारीलाच ‘हवागाड़ी’ म्हणत. तो शब्द घेतला तर जुनं वाचताना घोटाळा होईल. ‘वायुयान’ही नको. १९३४ च्या कायद्याच्या जागी आलेल्या, १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याचं नावच ‘भारतीय वायुयान अधिनियम’ आहे. तिथे तो शब्द विमानापासून हेलिकॉप्टरपर्यंत सगळ्यांना लागू होतो. एका प्रकारासाठी तो अडवून ठेवता येणार नाही.

आणि लेखात आपल्याकडच्या कामाचा उल्लेख जरूर करा. आयआयटी मद्रासमधून निघालेली ‘ईप्लेन’ कंपनी आहे. बंगळूरच्या ‘सरला एव्हिएशन’नं जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ‘शून्य’ नावाच्या हवाई टॅक्सीचा नमुना मांडला. कंपनीचं नाव सरला ठकराल यांच्यावरून ठेवलेलं आहे, ज्यांनी १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी विमान चालवण्याचा परवाना मिळवला. नववीतल्या मुलींपर्यंत हे नाव पोचलंच पाहिजे.

प्रतिसाद (पहिला प्रतिसाद देणाऱ्याकडूनच)

भविष्याबद्दल लिहाल तेव्हा हात राखून लिहा, ही विनंती. जर्मनीच्या व्होलोकॉप्टर कंपनीला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी न्यायचे होते. प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. जर्मनीच्याच लिलियम कंपनीनं तो त्याआधी दोन महिने केला होता. दोन्हीकडे हुशार अभियंते होते. अडचण बॅटरीची. आजच्या चांगल्या बॅटरीत किलोमागे साधारण २५० वॉट-तास ऊर्जा मावते, पेट्रोलमध्ये सुमारे १२,०००. इंजिनात वाया जाणारी उष्णता वजा केली तरी तफावत दहापटीहून जास्त राहते. शिवाय सरळ वर उठताना आणि एका जागी तरंगताना सगळ्यात जास्त शक्ती लागते, आणि रिकामी झाली म्हणून बॅटरी हलकी होत नाही. पेट्रोलची टाकी होते. म्हणून ही वाहनं निदान सुरुवातीला विमानतळ ते शहर अशा छोट्या पल्ल्यांवरच दिसतील. तेवढ्यासाठीही ती मला मोलाची वाटतात, रुग्ण किंवा अवयव नेण्यासाठी तर फारच.

उडत्या गाडीचं दुखणं निराळं. रस्त्यासाठी बंपर हवा, भक्कम सांगाडा हवा, धक्के सोसणारी चाकं हवीत. हवेत यातला प्रत्येक किलो ओझं आहे. आणि नोंदणी दोन ठिकाणी. आपल्याकडे अशी गाडी आली तर आरटीओची ‘एमएच’ची पाटीही लागेल आणि अंगावर भारतीय विमानांचं ‘व्हीटी’ हे नोंदणीचिन्हही. ती हौशी, परवानाधारक लोकांकडेच राहील असा माझा अंदाज आहे.

धागा काढणारीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘उडती गाडी’ आणि ‘हवाई टॅक्सी’ हे दोन्ही शब्द घेते. पहिल्या लेखाची सुरुवात आता अशी आहे: “पंख असलेली आणि रस्त्यावरही धावणारी ती उडती गाडी. रस्त्याला न लागता एका तळावरून दुसऱ्या तळावर नेणारी ती हवाई टॅक्सी.” पंखा हातानं काढून टांगणाऱ्या फुल्टनना दुसऱ्या परिच्छेदात जागा दिली आहे. सरला ठकराल यांच्यावर वेगळी चौकट करणार आहे.

‘वर्टिपोर्ट’ तेवढा राहिला. ‘उड्डाणतळ’ मनात होता, पण आपल्याकडे ‘उड्डाण’ म्हणजे मुळात झेप. भीमरूपीतल्या ‘कोटिच्या कोटि उड्डाणें’मध्येही तीच आहे. ‘उड्डाणपूल’ त्याच अर्थानं शोभतो. इथे उतरणंही तितकंच महत्त्वाचं, म्हणून साशंक आहे.

प्रतिसाद

टॅक्सी म्हटलंत ना, मग ‘हवाई थांबा’ म्हणा. इमारतीच्या गच्चीवर एकच जागा असेल तर थांबा. चार-पाच वाहनं उभी राहतील, चार्जिंग होईल अशी मोठी सोय असेल तर ‘हवाई तळ’ नको, तो शब्द हवाई दलाचा आहे. तिथे ‘हवाई टॅक्सीतळ’ चालेल. रिक्षातळ आपण म्हणतोच.