संकेतस्थळ एकाच ब्राउझरमध्ये नीट दिसते; बदलायचे काय?

ग्रंथसेवक:

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. एका स्थानिक व्यावसायिकाने ते करून दिले असून पुस्तकांची यादी, कार्यक्रमांची माहिती आणि वर्गणीचा अर्ज एवढाच त्याचा पसारा आहे. क्रोममध्ये सारे व्यवस्थित दिसते; मात्र आयफोन वापरणाऱ्या काही सभासदांना कार्यक्रमाच्या तारखेच्या जागी ‘इन्व्हॅलिड डेट’ असे दिसते, आणि वाचनालयात विंडोज ७ वर चालणारे जे जुने संगणक आहेत, त्यांवर पुस्तकांच्या यादीची मांडणी विस्कटते. त्या व्यावसायिकाकडे विचारणा केली असता “सगळ्यांना क्रोम घ्यायला सांगा” असे उत्तर मिळाले, आणि मुखपृष्ठावर तशी सूचनाही झळकली.

दुसरी अडचण ईमेलची. मासिक वार्तापत्र काही सभासदांना खालून कापलेले दिसते, तर काहींकडे त्याचे रकाने मोडून पडतात. शिवाय सचिव आणि मी एकच खाते दोन संगणकांवर पाहतो, आणि एकाने उतरवून घेतलेले पत्र दुसऱ्याला दिसत नाही. ब्राउझर आणि ईमेल क्लायंट (पत्रे पाहण्याचे सॉफ्टवेअर) कोणते निवडावेत, की दोष अन्यत्र आहे?

कंसातला माणूस:

मुखपृष्ठावरची ती सूचना आधी काढून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणता ब्राउझर वापरायचा हे वाचकाने ठरवावे. संकेतस्थळ लिहिणाऱ्याने सर्व ब्राउझरांनी मान्य केलेल्या प्रमाणकांना, म्हणजे ठरलेल्या तांत्रिक नियमांना, धरून लिहावे. शिवाय आपल्या बाबतीत ती सूचना पाळूनही काही साधणार नाही. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ क्रमांकाची, ती २०२३ च्या आरंभीची. आणि आयफोनवर क्रोम घेतला तरी, युरोपीय संघासारखे अपवाद सोडल्यास, आत सफारीचेच वेबकिट इंजिन, म्हणजे कोड वाचून पान उभे करणारा गाभा, चालते. सभासदाने निमूटपणे क्रोम उतरवून घेतला, तरी त्याला तारीख दिसायची नाही ती नाहीच.

तारखेचा दोष बहुधा असा असावा. डेटाबेसमधून ‘२०२५-०२-०१ १७:३०’ अशी अक्षरे येतात आणि जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम, त्यांची तारीख बनवते. प्रमाणकाने ठरवून दिलेल्या रूपात दिवस आणि वेळ यांच्यामध्ये रोमन ‘टी’ हे अक्षर असते. तेथे नुसती मोकळी जागा सोडली, तर त्याचा अर्थ कसा लावायचा हे प्रत्येक ब्राउझरवर सोडलेले आहे. क्रोम ती चालवून घेतो, सफारीच्या जुन्या आवृत्त्या नाकारतात. येथे सफारीला बोल लावता येणार नाही, कारण प्रमाणकाने जे कबूल केलेले नाही, त्यावर विसंबून कोड लिहिला गेला आहे. त्याहून बरा मार्ग म्हणजे तारीख सर्व्हरवरूनच मराठीत छापून पाठवावी. चार ओळींच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी जावास्क्रिप्टची गरजच काय?

जुन्या संगणकांवर मांडणी विस्कटण्यामागे सीएसएसमधील (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतील) नेस्टिंग, म्हणजे एका नियमाच्या पोटात दुसरा नियम लिहिण्याची सोय, असू शकते. ती क्रोममध्ये ११२ व्या आणि फायरफॉक्समध्ये ११७ व्या आवृत्तीत आली. विंडोज ७ वरचे दोन्ही ब्राउझर त्याआधीच थांबलेले आहेत. कोणती सोय निर्धास्तपणे वापरावी हे आता अंदाजाने ठरवावे लागत नाही. ‘बेसलाइन’ नावाची वर्गवारी २०२३ पासून उपलब्ध आहे, आणि प्रमुख ब्राउझरांत येऊन अडीच वर्षे उलटलेली सोय तिच्यात ‘सर्वत्र उपलब्ध’ या गटात जाते. आपले संगणक त्याहूनही जुने असल्याने आपल्याकडे आणखी थोडे मागे राहून लिहावे लागेल.

मराठी पृष्ठांबाबत आणखी दोन गोष्टी सुचवतो, कारण इंग्रजी साचा तसाच उचलणारे त्या हमखास विसरतात. पृष्ठाच्या कोडमधील पहिल्याच टॅगमध्ये (खुणेमध्ये) भाषा इंग्रजी अशी नोंदलेली राहते. मग पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मराठी मजकुरासाठी इंग्रजी आवाज निवडते, आणि फाँटमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ असले तरी हिंदी वळणाचे उमटतात. तेथे मराठीचा संकेत लिहिला की दोन्ही प्रश्न सुटतात. दुसरे म्हणजे मथळ्यांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, देऊ नये. रोमन लिपीत ते शोभते, पण देवनागरीत त्याने शिरोरेघेचे तुकडे पडतात.

रोखठोक:

तत्त्व मान्य आहे, पण व्यवहारही पाहावा. गावातील बहुतांश सभासद अँड्रॉइडवर क्रोमच वापरत असणार. मूठभर लोकांसाठी वाचनालयाने पुन्हा पैसे मोजावेत का?

कंसातला माणूस:

रोखठोक, वरच्या तिन्ही दुरुस्त्या मिळून एका दुपारचे काम आहे. डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेच्या मोफत तपासकात पृष्ठाचा पत्ता टाकला की न मिटवलेले टॅग आणि चुकीच्या जागी पडलेले घटक ओळ क्रमांकासह समोर येतात. ती यादी व्यावसायिकाच्या हाती द्यावी आणि पुढच्या वर्षीच्या करारात ‘क्रोम, फायरफॉक्स व सफारी यांत तपासून देणे’ हे कलम घालावे. तसे न तपासलेले काम मी तरी अपुरेच समजेन.

जुना कळफलक:

“अमुकच ब्राउझर वापरा” ही सूचना मराठी वाचकाला नवीन नाही. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींची अक्षरे साठवण्याची सामाईक पद्धत, रुळण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खास फाँटवर चालत. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि फाँट वाचकाकडे आपोआप पोहोचावा म्हणून तो बहुधा ईओटी या स्वरूपात जोडलेला असे, जे फक्त इंटरनेट एक्सप्लोररला कळे. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली. हौसेने ती घेणाऱ्यांना अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कचरा दिसे. तो उलगडून युनिकोडमध्ये दाखवणारे ‘पद्म’ नावाचे एक एक्स्टेन्शन फायरफॉक्ससाठी निघाले होते.

फाँट जोडण्याचे सर्वमान्य स्वरूप, म्हणजे वॉफ, डब्ल्यूथ्रीसीने डिसेंबर २०१२ मध्ये शिफारस म्हणून मंजूर केले. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले. त्या जुन्या पानांपैकी जी कोठे शिल्लक आहेत, ती आज शोधयंत्राला सापडत नाहीत, कारण त्यांच्यात मराठी अक्षरे मुळी साठवलेलीच नाहीत; पडद्यावर दिसणारे आकार तेवढे मराठी होते. वर्षानुवर्षांचे लेखन एका कंपनीच्या ब्राउझरला बांधल्यामुळे असे हातचे गेले, याची हळहळ वाटते.

आज परिस्थिती तितकी वाईट नसली तरी एका अंगाने काळजीची आहे. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे प्रेस्टो इंजिन सोडले, मायक्रोसॉफ्टचा एज जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, आला, आणि आता मोठी इंजिने तीनच उरली: क्रोमचे ब्लिंक, सफारीचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. मी फायरफॉक्स वापरतो, त्याचे एक कारण गेको टिकावे हे आहे; दुसरे, अधिक स्वार्थी कारण असे की क्रोमने बंद केलेल्या जुन्या पद्धतीवर चालणारा पूर्ण ताकदीचा जाहिरातरोधक तेथे अजून चालतो.

टपालहंशील:

ईमेलचे उत्तर राहिले, ते देतो. पत्र एकालाच दिसते, याचा अर्थ खाते पीओपी पद्धतीने जोडलेले आहे आणि उतरवून घेतल्यावर पत्र सर्व्हरवरून पुसले जाते. दोन्ही संगणकांवर खाते आयमॅपने जोडावे. मग पत्रे सर्व्हरवरच राहतात, आणि सचिवांनी वाचलेले पत्र आपल्याकडेही वाचलेले म्हणूनच दिसते. हे करण्याआधी दोन्हीकडील जुन्या पत्रांची प्रत काढून ठेवावी. क्लायंट म्हणून मी थंडरबर्ड सुचवेन: तो मोफत आहे, खुल्या स्रोताचा आहे, आणि आयमॅपचे प्रमाणक पाळणाऱ्या कोणत्याही सेवेशी जुळतो, त्यामुळे उद्या ईमेल सेवा बदलली तरी क्लायंट बदलावा लागत नाही.

वार्तापत्र कापले जाते, कारण जीमेल साधारण १०२ किलोबाइटपुढचा एचटीएमएल (वेबपानांच्या भाषेतील) मजकूर झाकून ‘संपूर्ण संदेश पाहा’ असा दुवा देते. मराठीला ही मर्यादा लवकर गाठते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. काही वार्तापत्र-साधने प्रत्येक चिन्हाच्या जागी त्याचा चार अंकी सांकेतिक क्रमांक लिहितात, तेव्हा तोच शब्द पस्तीस बाइटचा होतो. त्यातच वर्डमधून मजकूर चिकटवला, तर सोबत येणारा अदृश्य कोड निराळाच. मजकूर आधी साध्या संपादकात चिकटवून मगच वार्तापत्रात घ्यावा, आणि लेखांचे सारांश देऊन पूर्ण लेख संकेतस्थळावर ठेवावेत.

रकाने मोडतात ते बहुधा विंडोजवरील जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये, कारण २००७ च्या आवृत्तीपासून तो एचटीएमएल दाखवण्यासाठी ब्राउझरचे नव्हे तर वर्डचे इंजिन वापरतो. वेबसाठी प्रमाणक काटेकोर पाळा असे वर सांगितले गेले, ते योग्यच आहे. ईमेलमध्ये मात्र आधुनिक मांडणीचा मोह सोडून एकच रकाना आणि साधे टेबल वापरणे शहाणपणाचे. सोबत साध्या मजकुराची प्रतही जोडावी. आणि संपूर्ण वार्तापत्राची एकच जेपीजी करून पाठवण्याची जी पद्धत आपल्याकडील संस्थांत बोकाळली आहे, ती कृपया टाळावी. तिच्यात ना शोध घेता येतो, ना अंध सभासदाला एक ओळ ऐकता येते.

ग्रंथसेवक:

सर्वांचे आभार. पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडून पाहिला: तारीख मोकळी जागा सोडूनच लिहिलेली आहे, आणि भाषाही इंग्रजीच नोंदलेली आहे. यादी करून पाठवत आहे. विंडोज ७ च्या संगणकांवर तूर्त कोणता ब्राउझर ठेवावा?

जुना कळफलक:

त्यांवर चालणारी फायरफॉक्सची शेवटची मालिका ११५ ची. क्रोम १०९ पेक्षा ती बरी. पण विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षा-सुधारणा मिळत नाहीत, तेव्हा वर्गणीचा ऑनलाइन भरणा त्या संगणकांवरून होऊ देऊ नये. यादी पाहण्यापुरतेच ते ठेवायचे असतील, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली घालून पाहा. चार जीबी मेमरी असेल तर चालू फायरफॉक्स त्यावर बऱ्यापैकी चालतो.