मदत हवी आहे: बोगद्याच्या छतात 22 पोती ग्राउट गेलं, गळती तशीच

साताऱ्याजवळ पाण्याच्या बोगद्याचं काम आहे. तोंडाजवळ डोक्यावर जेमतेम 12 मीटर दगड. काळ्या बेसाल्टमध्ये उभ्या फटी, वर तांबड्या मातीचा आडवा थर. छतात सरळ वर 3 मीटरची होलं मारली, ग्राउट म्हणजे फटीत दाबाने भरायचं सिमेंटचं पाणी, त्यात पाणी-सिमेंट वजनाने 0.6, पंपाचा दाब 7 किलोवर (चौरस सेंटिमीटरला). एका होलात दाबाचा काटा 5 पर्यंत चढला, झटकन 2 वर आला आणि 22 पोती गेली. शेजारचं होल काहीच घेत नाही. ग्राउट आणखी घट्ट करावं का?

प्रतिसाद 1
घट्ट करू नका, आधी पंप थांबवा. काटा पडला आणि पोती जायला लागली, म्हणजे दाबाने तांबडा थर उचकटला. सिमेंट त्या आडव्या फटीत पसरत गेलं. ढोबळ हिशेब डोक्यावरच्या दगडाच्या मीटरमागे 0.23 किलो दाबाचा, म्हणजे तुमच्याकडे 2.8 च्या वर जायचंच नाही. छतातले सैल दगड आधी रॉकबोल्टने (दगडात रोवायचे लोखंडी बोल्ट) धरा, खाली माणसं असतात.

काहीच न घेणारं होल दगड चांगला असल्याची खूण समजू नका. फटी उभ्या आणि होलही उभं, मग ते फटीला छेदणार कसं? 30 ते 45 अंश तिरकी होलं मारा.

प्रतिसाद 2
वरच्याशी सहमत. धुण्यात मात्र कसूर नको. आळीपाळीने पाणी आणि हवा सोडा, शेजारच्या होलातून तांबडं पाणी येतं ते स्वच्छ होईपर्यंत. फटीत माती राहिली तर सिमेंट दगडाला धरतच नाही.

मग पॅकर (होल आतून घट्ट बंद करणारा बूच) लावून पाण्याची चाचणी. समजा 3 मीटरच्या टप्प्यात 2.5 किलोला मिनिटाला 30 लिटर गेलं, तर मीटरमागे 10 लिटर. 10 किलोच्या दाबाला ते साधारण 40, म्हणजे 40 ल्युजॉन (दगड किती पाणी घेतो त्याचं माप). इथे साधं सिमेंट चालेल. फट 0.2 मिमीपेक्षा बारीक असेल तर त्याचे कण तोंडाशीच अडकतात, तिथे मायक्रोफाइन, म्हणजे खूप बारीक दळलेलं सिमेंटच हवं.

सुरुवात पाणी-सिमेंट वजनाने 1:1, सोबत सुपरप्लास्टिसायझर (जास्त पाणी न घालता ग्राउट वाहतं ठेवणारं रसायन). फार पातळ केलं की सिमेंट खाली बसतं आणि फटीचा वरचा भाग पोकळ राहतो. दाब न वाढता ग्राउट जातच राहिलं तर 0.8, मग 0.6 करा. तरीही जातंय? थांबा, आधीचं आवळू द्या, मग पुन्हा द्या.

शेजारच्या होलातून पंपातल्याइतकंच दाट ग्राउट आलं की त्याचा व्हॉल्व्ह बंद करा. ठरलेल्या दाबाला ग्राउट जाणं 10 मिनिटं सरासरी 1 लिटर प्रति मिनिटाच्या आत आलं की होल पूर्ण. छतातलं होल आहे, सेट होईपर्यंत पॅकर काढू नका. दोन होलांच्या मधलं होल दुसऱ्या दिवशी मारा आणि त्यातच पाण्याची चाचणी परत घ्या.