‘३०० डीपीआय हे थोतांड’? मग फाइल नीट बघा

नौपाडा_प्रेस: ‘मोबाइलवर फोटो लख्ख दिसतो, मग कागदावरही दिसायलाच हवा, ३०० डीपीआय हे छापखानेवाल्यांचं थोतांड,’ ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके. ३०० डीपीआयने ए४ पानभर फोटोला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला बहुतेकदा १६०० च्या आसपास उरतो. मग लोक फोटोशॉपमध्ये ७२ चे ३०० करून आणतात. आकडा बदलला, पण तपशील कुठून येणार? मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एवढंच मागतो.

वाशीकर: पोस्ट माझीच. घोडबंदर रोडवरचे होर्डिंग ३०० ला छापता का?

नौपाडा_प्रेस: होर्डिंग लांबून बघतात, पत्रिका हातात धरून वाचतात. हे कळत नसेल तर थोतांड म्हणू नका.

ऐरोली_फोटो: मुद्दा रंगाचा आहे. बहिणीच्या साखरपुड्याच्या अल्बममध्ये मोरपंखी शालू पार मळकट आला. वर प्रेसवाल्यांनी ऐकवलं, ‘तुमची फाइल आरजीबी होती,’ म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतली. छपाईच्या चार शाईंत तो रंग बसत नाही, मान्य. पण छापण्याआधी सांगायला तोंड नव्हतं?

नौपाडा_प्रेस: प्रूफ, म्हणजे आधी एक नमुना, काढू म्हटलं की ‘उद्याच हवंय’ म्हणता!

नेरूळ_स्मरणिका: फोटोंचं कौतुक पुरे, मराठी मजकुराचं काय? आमच्या मंडळाची स्मरणिका युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-कम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या मराठीत, तीनदा तपासून दिली. प्रेसच्या जुन्या कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली, म्हणून त्यांनी सगळं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केलं. दिवंगत सभासदाचं आडनाव चुकलं. त्यांच्या पत्नीसमोर मी उभी होते, तुम्ही नाही.

वाशीकर: म्हणूनच आम्ही मजकूर फोटोवरच लिहून जेपेग, म्हणजे चित्राची फाइल, देतो.

नौपाडा_प्रेस: तेच नका करू! आरजीबी जेपेगमधलं काळं अक्षर छापताना चारही रंगांत जातं. रजिस्टर (रंगांची एकावर एक जुळणी) केसभर हललं की कडेला लाल-निळी सावली. मजकूर फक्त काळ्या शाईत हवा. फॉन्ट आतच बसवलेली (एम्बेड केलेली) पीडीएफ द्या, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) ठेवून.

नेरूळ_स्मरणिका: पीडीएफ दिली तरी ‘कोरल फाइल आणा’ म्हणतात. नवं सॉफ्टवेअर घ्यायला नको, शिकायला नको, आणि नियम मात्र गिऱ्हाइकाला.

नौपाडा_प्रेस: काही जण म्हणतात, खरंय. ताई, आडनाव चुकणं अक्षम्यच.

वाशीकर: बरं, पत्रिकेची मूळ फाइल पाठवतो. पण प्रूफ त्याच कागदावर काढून दाखवा. स्क्रीनवरचं चालणार नाही.

ऐरोली_फोटो: आणि प्रूफचे पैसे आधी सांगा.